साडेतीन लाखांची ‘गॅरंटी’ आणि पंचवीस डॉलरची सोडत

ताई,
मी २६ वर्षांची आहे. गाव तासगाव तालुक्यात, घरची दोन एकर द्राक्षबाग. बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर गेली तीन वर्षं पुण्यात एका बियाणं कंपनीत नोकरी करते. हातात २८ हजार येतात, त्यातले दहा खोलीभाड्यात जातात. ऑस्ट्रेलियात वर्षभर राहून फिरता-फिरता काम करता येतं, असा व्हिसा आता भारतीयांनाही मिळतो असं मैत्रिणीकडून कळलं. इथला एक एजंट साडेतीन लाखांत ‘शंभर टक्के’ काम करून देतो म्हणतो, पुढे तिकडेच पर्मनंटही होता येईल असं सांगतो. महिनाअखेरपर्यंत ५० हजार टोकन मागतोय. अण्णा बागेवर कर्ज काढायला तयार आहेत. आई म्हणते, तेवढे पैसे लग्नाला लागतील, आणि शिकून-सवरून परक्या मुलखात मजुरी करायला एकटी कशाला जातेस? नोकरी सोडू का? टोकन भरू का?
— तासगावची एक वाचक

टोकन भरू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण महिनाअखेर जवळ आली असेल म्हणून हे आधी सांगितलं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. जायची तुझी ओढ खरी आहे, आणि ती मला मोडायची नाही. पण जी वस्तू विकायला नाहीच, ती तो माणूस तुला विकतोय. हा व्हिसा कसा मिळतो ते नीट कळलं की हे तुझं तुलाच दिसेल.

ऑस्ट्रेलियाचे असे दोन व्हिसे आहेत. ४१७ क्रमांकाचा ‘वर्किंग हॉलिडे’ ठरावीक देशांतल्या तरुणांसाठी आहे, त्यात भारत नाही. आपल्यासाठी आहे तो ४६२, ‘वर्क अँड हॉलिडे’. भारत आणि ऑस्ट्रेलियामध्ये २ एप्रिल २०२२ला व्यापार करार झाला आणि २९ डिसेंबर २०२२पासून तो लागू झाला. त्यात भारतीय तरुणांसाठी वर्षाला १,००० जागा ठरल्या. अख्ख्या देशासाठी एक हजार. मागणी इतकी असणार हे दिसतच होतं, म्हणून भारत, चीन आणि व्हिएतनाम या तीन देशांसाठी सोडत ठेवली. आपली पहिली सोडत १ ऑक्टोबर २०२४ला उघडली आणि पहिल्या दोन आठवड्यांतच भारतातून सुमारे ४० हजार नावं आली. म्हाडाच्या सोडतीसारखंच समज. नाव नोंदवायचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले दीडेक हजार रुपये. पुढे संगणक नावं काढतो. त्या वर्षात एका माणसाला नाव एकदाच नोंदवता येतं. कुणाचा हुद्दा, कुणाची ओळख, कुणाची फाइल, काहीही तिथे पोचत नाही.

मग ‘शंभर टक्के’ कुठून येतं? एजंट शंभर मुलांची नावं नोंदवतो. त्यातल्या दोघा-तिघांचा नंबर लागतो तो नशिबाने, पण भिंतीवर फोटो त्यांचेच लागतात. उरलेल्यांना तो सांगतो, आता या व्हिसाचं जमत नाही, त्याच पैशात स्टुडंट व्हिसा करून देतो, थोडे वर भरा. तुझ्यासारख्या मुलींची पत्रं मला याआधीही आली आहेत आणि टोकन परत मिळाल्याचं एकीनेही लिहिलेलं नाही.

एजंटाकडून नोंदणी करण्यात आणखी एक धोका आहे. खातं त्याने त्याच्या ईमेलवर उघडलं तर निवडीचं पत्रही त्यालाच येतं. निवड झाल्यावर मुख्य अर्ज भरायला २८ दिवस मिळतात. त्या २८ दिवसांत तो तुला काय सांगेल आणि किती मागेल, ते सगळं त्याच्या हातात जातं. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर ‘इमीअकाउंट’ उघडायचं ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या हाताने. तू बी.एस्सी. झालेली मुलगी आहेस. पीकविम्याचा ऑनलाइन अर्ज तू अण्णांना भरून देत असशील, हा त्याहून अवघड नाही.

नंबर लागला तर काय लागतं तेही सांगते. वय १८ ते ३०, म्हणजे ३१वा वाढदिवस यायच्या आत. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण झालेलं, ते तुझं आहेच. कामापुरतं इंग्रजी येतं याचा पुरावा. आयईएलटीएस दिलीस तर सरासरी ४.५ पुरते. खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि शिवाय परतीच्या तिकिटाएवढी रक्कम दाखवावी लागते. व्हिसाची फी सोडतीच्या पहिल्या वर्षी ६५० डॉलर होती, पुढच्या वर्षी ६७० झाली, म्हणजे चाळीसेक हजार रुपये धर. त्यावर तिकीट, वैद्यकीय तपासणी आणि आरोग्यविमा. विमा टाळू नकोस. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेबाबत आपल्या देशाचा करार नाही, साधा हात मोडला तरी बिल तुझ्याच नावावर येईल. हा सगळा हिशेब कागदावर मांडलास तर दिसेल की खरा खर्च सोडतीत नाव निघाल्यानंतर सुरू होतो. आधी जातात ते दीड हजार. आणि खात्यात दाखवायचे पाच हजार डॉलर तुझे तुझ्याकडेच राहतात, पहिल्या दोन महिन्यांना तेच उपयोगी पडतात.

आता अण्णांच्या कर्जाचं. या एका गोष्टीसाठी मी एवढं मोठं उत्तर लिहायला बसले.

तुझ्या तालुक्याच्या आसपास दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्या माणसांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते हे तुला मी सांगायला नको. उचल घेतलेला तोडकरी आजारी पडला तरी फडात जातो. मुकादम शिवी देतो तरी तो थांबतो. दुसऱ्या कारखान्यावर चांगला भाव असला तरी तो जाऊ शकत नाही, कारण आधी फिटायचं असतं. बागेवर कर्ज काढून तू गेलीस तर ती उचलच झाली. तिकडच्या शेतावर मुकादम वाईट निघाला, पैसे कापू लागला, राहायची जागा घाण निघाली, तर ‘मला इथे नाही करायचं’ म्हणून बॅग उचलून दुसऱ्या गावाची बस धरता आली पाहिजे. या व्हिसाची खरी ताकदच ती आहे. तो कुठल्या मालकाशी बांधलेला नसतो. एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपर्यंत काम करता येतं (शेती आणि आणखी काही कामांत सवलत आहे), मध्ये चार महिने शिकताही येतं, आणि मन लागत नसेल तर त्याच दिवशी काम सोडता येतं. सातबाऱ्यावर बोजा चढवून गेलेल्या मुलीला ही मोकळीक उरत नाही. तिला हप्त्याची तारीख दिसत राहते.

माझा भाचा राजापूरचा. पहिल्याच सोडतीत त्याचं नाव निघालं. एजंट नव्हता, कर्ज नव्हतं, तीन वर्षांच्या पगारातून साठवलेले पैसे होते. आंब्याच्या हंगामाला तो डार्विनच्या दक्षिणेला तीनेकशे किलोमीटरवर कॅथरीन नावाच्या गावी गेला. आंब्यातच वाढलेला मुलगा, त्याला वाटलं हे काम आपल्या हातचं. आपल्याकडे झेल्याने आंबा देठासकट अलगद उतरवतात, देठ तुटू द्यायचा नाही म्हणून किती जपतात. तिथे उलटं. बागेतून सरकणाऱ्या यंत्राच्या कडेने उभं राहायचं, देठ मोडायचा आणि आंबा लगेच साबणासारख्या पाण्याच्या फवाऱ्याखाली टाकायचा, म्हणजे सालीवर चीक बसत नाही. आंब्यावर बसत नाही, माणसावर बसतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या दोन्ही मनगटांवर आणि गळ्याशी चट्टे उठले, रात्री खाज सुटून झोप नाही. पारा चाळीसच्या आसपास, हवेत पावसाआधीची घुसमट. फोनवर मला म्हणाला, “मावशी, चीक मला नवा नाही, पण इतका कधी नव्हता अंगावर.” मग लांब बाह्यांचे दोन जुने शर्ट, हातमोजे आणि कामाआधी लावायचं मलम, असं त्याने आपलं आपण बसवून घेतलं.

हंगामाच्या शेवटी तिथल्या एका ठेकेदाराने त्याचे दोन आठवड्यांचे पैसे अडवले. वर, पावसामुळे काम बंद होतं त्या दिवसांचं राहण्याचं भाडंही ठरल्यापेक्षा जास्त कापलं. पोराने एक गोष्ट पहिल्या दिवसापासून केली होती. खिशात छोटी वही, तिच्यात रोजची सुरुवात, शेवट आणि जेवणाची सुट्टी. शेवटी त्याने त्या पानांचे फोटो पाठवून लिहिलं की, आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर फेअर वर्क ओम्बड्समनकडे तक्रार करतो. पैसे आले. हे सरकारी कार्यालय परदेशी कामगारांच्याही तक्रारी घेतं आणि दुभाष्या पुरवतं. पण हे पत्र तो लिहू शकला, कारण घरी हप्ता थकलेला नव्हता आणि तो ठेकेदार सोडून जायची त्याला भीती नव्हती.

तूही वही ठेव. कायद्याने काय मिळायला हवं ते आधी पाठ कर. जुलै २०२५मध्ये तिथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. कायम नसलेल्या, म्हणजे ‘कॅज्युअल’ कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त. फळबागेत नगावर किंवा पेटीवर पैसे देतात, पण एप्रिल २०२२पासून नियम असा की पेट्या कमी भरल्या तरी तासाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. कुणी म्हणालं, ‘तू नवीन आहेस, हात बसेपर्यंत पेटीप्रमाणेच’, तर ते चूक आहे. गेल्या-गेल्या टॅक्स फाइल नंबर काढ, फुकट मिळतो. मालक तिथल्या कर खात्याकडे नोंदणीकृत असेल तर या व्हिसावाल्यांचा पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापला जातो, ४५ हजार डॉलरच्या उत्पन्नापर्यंत. शिवाय मालकाने तुझ्या नावावर निवृत्तिनिधी भरायचा असतो. देश सोडताना तो मागता येतो, पण त्यातला ६५ टक्के कर म्हणून जातो, तेव्हा त्यावर मनोरे रचू नकोस. रोख पैसे देतो, पावती नको, असं म्हणणाऱ्याकडे थांबू नकोस.

आणि काम रोज असतं असं धरून चालू नकोस. पाऊस आला की बंद, फळ पिकायला उशीर झाला की बंद, एका गावातलं संपून दुसरीकडचं सुरू होईपर्यंत बंद. द्राक्षवाल्यांच्या मुलीला हे कळतं. तासाचा दर गुणिले आठ तास गुणिले २६ दिवस, असा हिशेब एजंटाने करून दाखवला असेल तर तो कागद फाडून टाक.

पर्मनंट व्हायचं म्हणशील तर हा व्हिसा वर्षाचा आहे. पहिल्यांदा देशात उतरलीस त्या दिवसापासून १२ महिने. ठरवून दिलेल्या ग्रामीण भागांत ठरावीक कामं तीन महिने केलीस तर दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो, दुसऱ्या वर्षात सहा महिने केलीस तर तिसऱ्याचा. प्रत्येक शेताचा पिनकोड त्या यादीत आहे का हे कामाला लागायच्या आधी पाहायचं, नंतर नाही. यातून आपोआप कायमचं राहणं होत नाही. त्याचे रस्ते वेगळे, अटी वेगळ्या. तू एक वर्षासाठी जायचंस, असं धरूनच ठरव.

त्या एका वर्षात तुझ्यासाठी काय आहे हे मात्र मला मनापासून सांगायचंय, कारण आईच्या ‘मजुरी’ या शब्दाचं उत्तर त्यातच आहे. व्हिक्टोरिया राज्यात मरे नदीच्या काठी मिल्ड्युरा नावाचं गाव आहे. खायची द्राक्षं आणि बेदाणा हीच तिथलीही ओळख. आपण जिला थॉमसन सीडलेस म्हणतो, तिला ते सुलताना म्हणतात. तुमच्या शेडवर द्राक्षं वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात ना? ती पद्धत ऑस्ट्रेलियन डिप म्हणूनच ओळखली जाते. तिकडे आता बरेच जण घड तोडून रॅकवर टाकत नाहीत. फळकाडी कापून वेलीवरच द्राक्षं सुकवतात आणि मग यंत्राने काढतात. मजूर मिळत नाहीत, शेडला गुंतवणूक लागते, पाऊस आला की माल काळा पडतो, ही रडगाणी तुझ्या घरात रोज चालत असतील. त्यांनी काय केलं ते तू दोन महिने हाताने काम करून पाहिलंस, तर ते पाहणारी कृषी पदवीधर बागाईतदाराची मुलगी तासगाव-सांगलीत दुसरी किती सापडेल? तिथली तोडणी साधारण उन्हाळ्याच्या शेवटी, आणि त्यांचा उन्हाळा फेब्रुवारी-मार्चला संपतो. कॅथरीनचे आंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मध्ये हिंडायलाही वेळ राहतो. ‘हॉलिडे’ हा शब्द त्या नावात उगीच नाही, तोही जगून घे.

आईला मागासलेली ठरवू नकोस. एकट्या मुलीची काळजी तिने नाही करायची तर कुणी? तिच्यापुढे काही ठोस गोष्टी ठेव. शेतावरच राहायची सोय असेल तर तिथे आधी काम केलेल्या एका तरी बाईशी बोलल्याशिवाय हो म्हणायचं नाही. जवळचं गाव किती लांब, वाहन कुणाचं, फोनला रेंज आहे का, हे विचारायचं. आडभागात सगळ्या कंपन्यांची रेंज येत नाही, त्यातल्या त्यात टेलस्ट्राची जास्त पोचते. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, ‘ठेवून घेतो’ म्हणाला तरी. हॉस्टेलवर पहिल्या रात्री झोपायच्या आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता चालून बघायचा. क्वीन्सलँडमधल्या चिल्डर्स गावात जून २०००मध्ये अशाच एका हॉस्टेलला आग लागून १५ तरुण मुलंमुली गेली, बहुतेक परदेशातून आलेली. तेव्हापासून नियम कडक झाले, पण दार आपण बघायचं. आणि दर रविवारी अमुक वाजता फोन, कामाचा पत्ता बदलला की त्याच दिवशी घरी कळवायचं. एवढं आईला लिहून दे.

लग्नाचं मी थोडक्यात बोलते. तू २६ची आहेस, तीस संपेपर्यंत दर वर्षी सोडतीत नाव घालता येईल. त्यासाठी स्थळं बघणं थांबवायची गरज नाही. फक्त समोरच्या घराला पहिल्याच भेटीत हे सांग. तुझ्याविषयी त्यांना कळायला हवी अशीच ही गोष्ट आहे.

एकाच दारावर थांबू नकोस. ब्रिटनची ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’ २०२३पासून चालू आहे. वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, पदवी आवश्यक, दोन वर्षं राहता आणि काम करता येतं. तिचीही सोडतच, पण नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. नोंदणीची खिडकी जेमतेम दोन दिवस उघडी असते, म्हणून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावं लागतं. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस असावे लागतात, आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही दोन वर्षांचा एकदम आगाऊ. म्हणजे नोंदणी स्वस्त, जाणं महाग. तुझ्या बागेच्या कामासाठी मला ऑस्ट्रेलियाच बरी वाटते, पण नाव इथेही घाल. कॅनडाच्या याच धाटणीच्या योजनेत भारत नाही. त्याच्या नावाने कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिर.

नोकरी आज सोडू नकोस. सोडतीत नाव निघालं म्हणूनही सोडू नकोस. व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र हातात आलं की साहेबांकडे जा आणि आधी वर्षभराची बिनपगारी रजा माग. बियाणं कंपनीला परदेशातली शेती पाहून आलेलं माणूस नको असेल असं मला वाटत नाही. नाहीच म्हणाले तर राजीनामा तेव्हा. तोवर दर महिन्याला पाच-सहा हजार वेगळ्या खात्यात टाक. दोन वर्षांनी नंबर लागला तरी तेवढ्यात बरीच सोय तुझी तूच केलेली असेल. उरलेल्यासाठी अण्णांचे बेदाण्याच्या सौद्यातले पैसे चालतील, बागेवरचं कर्ज नाही.

या शनिवारी गावी जाशील तेव्हा अण्णांबरोबर बस. ते कर्जाला तयार झाले ते तुझ्यावरच्या मायेने, तेव्हा ‘नको’ म्हणताना ‘तुमची बाग वाचवते’ असा सूर येऊ देऊ नकोस. ‘मला मोकळ्या हाताने जायचंय’ असं सांग. त्यांनी टोळ्या पाहिल्या आहेत, त्यांना कळेल.

आणि एक काम आजच कर. सोडतीत भारतीयांना पासपोर्टबरोबर पॅन कार्डही लागतं. आपल्याकडे पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, आडनावात एखादा ‘ए’ कमी-जास्त, हे फार होतं. दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक असेल तर दुरुस्तीला आठवडे जातात, आणि नोंदणीची मुदत कुणासाठी थांबत नाही.

तुझी,
ताई